कार्टचं इंजिन गरम झालं की प्लगचा करंट जातो, उजव्या वळणावरही झटका देतं. कुठून शोधायला घेऊ?

केळीपट्टा कार्टिंग (फैजपूर)

नमस्कार मंडळी,

विद्यार्थ्यांच्या गो-कार्ट स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजची टीम कार्ट बांधतेय. इंजिन १९६ सीसीचं, फोर स्ट्रोक, एअर कूल्ड, होंडा जीएक्स२०० च्या धर्तीचं. आपल्याकडे केळीच्या बागांत फवारणीच्या पंपावर असतं, त्याच जातीचं. बॅटरी नाही, सेल्फ नाही. दोरी ओढायची, फ्लायव्हीलचं मॅग्नेट कॉईलसमोरून फिरतं आणि करंट तयार होतो. किल स्विच (इंजिन बंद करायची बटणं) दोन आहेत. एक स्टिअरिंगपाशी ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरा सीटच्या मागे, लाल मश्रूम बटणाचा, बाहेरच्या माणसाला धावत येऊन दाबता यावा म्हणून.

त्रास असा आहे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू होतं. स्टँडवर मागची चाकं उचलून चालवलं तर काहीच तक्रार नाही. मैदानात उतरवलं की सुरुवातीच्या फेऱ्या मस्त जातात, फक्त उजवीकडच्या लांब वळणावर क्षणभर झटका बसतो, सायलेन्सरमधून ‘फट्ट’ असा आवाज येतो आणि इंजिन परत पिकअप घेतं. दहा-बारा मिनिटांनी मात्र सरळ रस्त्यावरही मिसिंग सुरू होतं आणि शेवटी बंदच पडतं. मग कितीही दोरी ओढा, चालू होत नाही. सावलीत अर्धा तास ठेवलं की पुन्हा पहिल्या ओढीला चालू!

आतापर्यंत नवा प्लग टाकला (बीपीआर६ईएस), कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, पेट्रोल बदललं. शेजारच्या गावातल्या एका शेतकरी काकांनी त्यांच्या पंपाची चालू कॉईल काढून दिली, तीही लावली. काही फरक नाही. शेडमध्ये आणून करंट तपासला की चांगला निळा दिसतो. कोणी म्हणतं सीडीआय (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला, कोणी म्हणतं कार्बोरेटर नवा घ्या. पैसे संपत आलेत आणि स्पर्धा जवळ आलीय. आता पार्ट बदलण्याआधी नेमकं काय तपासायचं, ते कोणी सांगेल का?

रावेरकर

दादा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघितलं का? ते बुजलं असेल तर पेट्रोल जसजसं संपतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थोडा वेळ ठेवलं की हळूहळू हवा शिरते आणि पुन्हा चालू. लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली तर तिथेच रोग आहे. केळीच्या बागेत धूळ आणि औषधाचा थर बसून आमच्या पंपांची ही भोकं नेहमी बुजतात.

जळगावकर सध्या पुण्यात

मी १२५ सीसी टू-स्ट्रोक रोटॅक्स मॅक्स चालवणाऱ्यांबरोबर असतो. आमच्याकडे असं झालं की आधी बॅटरीचा व्होल्टेज, मग बॅटरीचा अर्थ (अर्थिंग), मग कॉईलला येणारे १२ व्होल्ट आणि पिकअप सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) असं क्रमाने बघतो. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे हादऱ्याने कपलर सैल होतात आणि अर्थच्या वायरी तुटतात. तुम्हीही कॉईलपर्यंत सप्लाय येतो का बघा, चेसिसचा रंग खरवडून जाड अर्थ वायर द्या.

चोपड्याचे मॅग्नेटवाले काका

पोरांनो, तुम्ही सगळं नीट लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. पंपाची इंजिनं आणि मॅग्नेटच्या कॉईली हेच माझं काम. राजदूतच्या पॉईंट-कंडेन्सरपासून पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या पंपांपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. कार्ट माझ्याकडे क्वचित येते, पण तुमचं इंजिन माझ्या रोजच्या ओळखीचं आहे.

पुण्याच्या दादांनी सांगितलं ते त्यांच्या इंजिनाला बरोबर आहे, तुमच्या इंजिनाला ते लागू नाही. बॅटरीवरच्या इग्निशनमध्ये किल स्विच सप्लाय तोडतो. वायर तुटली, कपलर निसटला की इंजिन बंद. तुमच्या मॅग्नेटोचा हिशोब उलटा आहे. कॉईल स्वतःच वीज तयार करते, तिला गप्प करायचं तर तिची किल वायर बॉडीला टेकवायची. म्हणजे ती वायर तुटून लोंबत राहिली तरी इंजिन झकास चालेल, फक्त बंद होणार नाही. पण तीच वायर कुठे चेसिसला टेकली, तारेचा एक केस जरी लागला, तरी करंट गेला. तेव्हा काय तुटलंय ते शोधत बसू नका, काय टेकतंय ते शोधा. कॉईलला १२ व्होल्ट येत नाहीत म्हणून घाबरू नका, ते येणारच नाहीत. अर्थचं म्हणाल तर कॉईल इंजिनाच्या ब्लॉकवरच बोल्टने बसते आणि प्लगही त्याच इंजिनात असतो, त्यामुळे करंट तयार व्हायला चेसिसच्या अर्थची गरज पडत नाही. चेसिसचा अर्थ लागतो तो इंजिन बंद करायला.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. सायलेन्सरमधून ‘फट्ट’ होतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आधी मंदावतं, गुदमरल्यासारखं होतं, मग बसतं. करंट गेला की इंजिन चावी फिरवल्यासारखं एका क्षणात सुटतं. तेवढ्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमतं आणि करंट परत आला की तिथे भडकून फट्ट होतं. म्हणून वळणावरचा झटका मला करंटचाच वाटतो. रावेरकरांचं झाकण जरूर बघा, फुकटची तपासणी आहे, पण झाकणाच्या रोगात असं फटकन तुटत नाही.

दुसरं, तुम्ही दुसरी कॉईल लावूनही तोच रोग राहिला. कॉईल गरम झाल्यावर आतली बारीक तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, हे होतं, मी पुष्कळ वेळा बघितलंय. पण दोन वेगळ्या इंजिनांच्या कॉईली सारख्याच वेळाने, सारख्याच तऱ्हेने मरतील हे मनाला पटत नाही. दोन्ही वेळा बदलली नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कॉईलपासून पुढे जाणारी तुमची किल वायर आणि ते दोन स्विच. माझा संशय तिथे आहे. पण संशयावर पार्ट बदलायचा नाही, तपासायचं.

आणि तपासायचं ते इंजिन बंद पडल्या जागी. शेडमध्ये ढकलत आणेपर्यंत ते थंड होतं, आणि थंड इंजिनात रोग नाहीच, मग दिसणार काय? शेडमधला निळा करंट बघून तुम्ही फसताय. आता सांगतो तसं करा.

मैदानावर जाताना एक जादा प्लग, ०.७ ते ०.८ मिमी गॅप लावलेला, आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाईल क्लिप असलेली हातभर वायर खिशात ठेवा. वायरची एक क्लिप जादा प्लगच्या आट्यांवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टवर, जिथे रंग नाही तिथे. इंजिन बंद पडलं की एकाने प्लगची कॅप ओढून जादा प्लगवर लावायची. इंजिनातला प्लग काढायचा नाही. तो जागेवर राहिला की भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही आणि ठिणगीने भडका व्हायची भीती राहत नाही. जादा प्लग टाकीपासून आणि कार्बोरेटरपासून लांब, उघड्यावर टेकवून ठेवा, हातात धरू नका. आपल्याकडच्या उन्हात दुपारी ठिणगी दिसतच नाही, म्हणून दुसऱ्याने रुमालाची सावली धरायची. तिसऱ्याने दोरी ओढायची, जोरात, कारण मॅग्नेटला ठरावीक वेग आल्याशिवाय कॉईल करंट देत नाही. आग विझवायचं सिलेंडर शेजारी हवंच. हे सगळं मिनिटभरात व्हायला पाहिजे, म्हणून थंड इंजिनावर आधी हात बसवून घ्या.

करंट दिसला नाही तर वेळ न घालवता कॉईलकडून येणारी किल वायर तिच्या जोडावर सोडवा आणि पुन्हा ओढा. आता करंट आला तर रोग वायरीत किंवा स्विचात. किल वायर सोडूनही आला नाही तर कॉईल, तिची एचटी वायर (प्लगकडे जाणारी जाड वायर) किंवा कॅप. आणि पहिल्याच ओढीला करंट चांगला निघाला, तर इग्निशनचा नाद सोडून पेट्रोल आणि टॅपेटकडे (वाल्व्हच्या गॅपकडे) वळा. उघड्यावर करंट दिसला म्हणजे कॉम्प्रेशनमध्येही तेवढाच पडेल असं नसतं, पण गरम इंजिन चालूच होत नाही तेव्हा ‘आहे की नाही’ एवढं कळलं तरी पुष्कळ. टॅपेट थंड इंजिनावर बघायचे, इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. गॅप उरली नसेल तर गरम झाल्यावर वाल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि थंड झालं की पुन्हा चालू होतं. हाही तुमच्यासारखाच दिसणारा रोग आहे, फक्त त्यात करंट जात नाही.

किल वायर सोडलेली असताना इंजिन चालू झालं तर ते बटणाने बंद होणार नाही, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा. एकाचा हात चोकवर हवा. चोक पूर्ण ओढला की बंद पडतं. तशा अवस्थेत कार्ट चालवायची नाही, स्टँडवरच.

वळणाच्या झटक्यासाठी वेगळी तपासणी. स्टँडवर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवा, हलवा, ओढा. तिथे बंद पडलं तर स्टिअरिंगकडची वायर कॉलमच्या ब्रॅकेटमध्ये चिमटतेय. नाही पडलं तर कारण दुसरं आहे.

कॉईल काढघाल केलीत तर मॅग्नेटपासूनची गॅपही बघा. या इंजिनाला ०.४ मिमी, त्यात ०.२ कमी-जास्त चालतं. मॅग्नेट कॉईलच्या पायांखाली आणायचं, मध्ये फिलर गेज घालायची, बोल्ट सैल सोडले की मॅग्नेट कॉईलला स्वतःच ओढून घेतं, मग आवळायचं. पायांवर गंज असेल तर पॉलिश पेपर मारा. मॅग्नेटची चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) तुटून टायमिंग सरकलं असेल का, हेही कोणी सांगेल. त्यात थंडीतही दोरी हाताला उलटा झटका देते. तुमचं पहिल्या ओढीला चालू होतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मला ती विचारलीच पाहिजे. गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढलाय का? हे इंजिन ३६०० आरपीएमच्या आसपास चालवायला बनवलेलं आहे. गव्हर्नर काढून खूप वर नेलं तर ओतीव फ्लायव्हील फुटू शकतं आणि कनेक्टिंग रॉड जाऊ शकतो. कार्टमध्ये ते ड्रायव्हरच्या कमरेशेजारी फिरत असतं. रेसिंगसाठी वेगळी बिलेट (अखंड धातूतून कोरलेली) फ्लायव्हील आणि रॉड मिळतात ते याच कारणाने. काढला असेल तर करंट राहू द्या, आधी तो जागेवर बसवा.

धुळे रोडवरचा

राम राम मंडळी. इंजिन वळणवर बंद पडस तर पहिले तेल दखा!

भाड्याच्या कार्टच्या देखभालीचं काम केलंय, तिथे हीच इंजिनं असतात. यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑईल अलर्ट असतो. क्रँककेसमध्ये तरंगता स्विच बसवलेला, तेल कमी झालं की तो किल वायरसारखाच कॉईलचा करंट बॉडीला देतो आणि इंजिन बंद करतो. पंप एका जागी उभा असतो म्हणून तिथे त्याचा फायदा होतो. कार्ट लांब वळणावर गेली की तेल एका अंगाला लोटलं जातं, स्विचपाशी तेल उरत नाही, आणि तेल पूर्ण असूनही त्याला वाटतं संपलं. वळण संपलं की तेल परत येतं, करंट परत. म्हणून एकाच बाजूच्या वळणावर होतं. क्रँककेसच्या अंगातून एखादी वायर बाहेर येते का बघा, बहुतेक पिवळी असते. ती सोडवून फेरी मारा. या इंजिनात तेल ०.६ लिटरच बसतं, त्यामुळे तेवढ्यापुरती सोडली तरी आधी तेल बघून घ्या.

कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही वळणावर एका बाजूला जातं, पण तेव्हा काका म्हणतात तसं इंजिन गुदमरतं, फट्ट होत नाही.

चोपड्याचे मॅग्नेटवाले काका

धुळ्याच्या दादांचं अगदी बरोबर. पंप जागेवर उभा असतो, म्हणून मला हे वळणाचं सुचलं नव्हतं. पोरांनो, दोन रोग वेगळे धरा. वळणाचा वेगळा, गरम झाल्यावरचा वेगळा. दोन्ही तपासण्या एकाच फेरीत करू नका, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

केळीपट्टा कार्टिंग (फैजपूर)

काका, दादा, सापडलं! दोन्ही सापडलं. क्रमाने सांगतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

गव्हर्नर जागेवर आहे काका, स्पर्धेच्या नियमातही तो काढता येत नाही.

स्टँडवर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, हलवलं, काहीच झालं नाही. मग क्रँककेसमधून येणारी पिवळी वायर सापडली. तेल डिपस्टिकवर पूर्ण होतं. वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळली आणि कार्ट मैदानात काढली. उजव्या वळणाचा झटका गायब. इतक्या दिवसांनी ते वळण गॅस न सोडता पूर्ण मारता आलं, आमच्या ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा होता.

गरम झाल्यावरचं मिसिंग मात्र तसंच आलं आणि इंजिन बंद पडलं. जादा प्लग आणि क्लिपा तयार होत्या. कॅप लावली, रुमाल धरला, दोरी ओढली. करंट नाही. काळी किल वायर सोडवली, पुन्हा ओढली आणि ठिणगी टक-टक-टक पडायला लागली! कॅप इंजिनाच्या प्लगवर लावून स्टँडवर ओढलं तर गरम इंजिन पहिल्या ओढीला चालू. चोकने बंद केलं.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक पिन सोडवलेल्या किल वायरला, दुसरी इंजिनाच्या बोल्टला लावली. कुठलंही बटण दाबलेलं नसताना बीप येत होता. स्टिअरिंगचा स्विच सोडवला, बीप चालूच. मागचा मश्रूम स्विच सोडवला आणि बीप थांबला. तो स्विच हातात धरवत नव्हता इतका तापलेला. सायलेन्सर त्याच्या बरोबर खाली, वीतभर अंतरावर आहे. मागून उघडून पाहिलं तर कॉन्टॅक्ट ब्लॉकमधली प्लॅस्टिकची दांडी उष्णतेने वाकली आहे आणि घरात एका अंगाला अडकतेय. गरम असताना ती अर्धी दाबल्यासारखी राहते आणि कॉन्टॅक्ट जुळतो. स्विच सावलीत ठेवला, थोड्या वेळाने मीटर लावला, तर बीप नाही. म्हणजे शेडमध्ये आम्हाला कधीच दिसलं नसतं.

आता तीन शंका आहेत. मागचा स्विच कुठे आणि कसा बसवू? जागा बदलली तरी त्याला बाहेरून हात पोचायला हवा. वायर कसली वापरू? आता घरच्या वायरिंगची वापरलीय. आणि ऑईल अलर्टची वायर सुटीच ठेवली तर चालेल का?

जळगावकर सध्या पुण्यात

छान! काका, मॅग्नेटोचा उलटा हिशोब मलाही नीट कळला. माझ्या सांगण्यावरून पोरांनी चेसिसचा रंग खरवडला नाही ना, एवढं सांगा.

केळीपट्टा कार्टिंग (फैजपूर)

नाही दादा, रंग शाबूत आहे.

चोपड्याचे मॅग्नेटवाले काका

शाब्बास पोरांनो. बीप ऐकून थांबला नाहीत, स्विच एकेक करून सोडवलेत, हे मला फार आवडलं. स्टँडवर का व्हायचं नाही, तेही आता लक्षात आलं असेल. बिनलोडचं इंजिन सायलेन्सर एवढा तापवत नाही, आणि मैदानात लोडवर तो लालबुंद व्हायच्या बेतात असतो.

स्विचचं सांगतो. सायलेन्सरच्या वर काहीच ठेवू नका, गरम हवा वरच चढते. सीटच्या मागच्या बारवर, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला ब्रॅकेट वेल्ड करा. चालत्या कार्टची हवा तिथे लागली पाहिजे. तरीही मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा द्या, आणि पत्रा स्विचला चिकटवू नका, बोटभर मोकळी जागा सोडा. नवा कॉन्टॅक्ट ब्लॉक घेताना जपून घ्या. पॅनेलच्या दुकानात हिरवा आणि लाल असे दोन ब्लॉक मिळतात. बहुतेक कंपन्यांत हिरवा दाबल्यावर जुळणारा आणि लाल दाबल्यावर तुटणारा असतो. इमर्जन्सीचं बटण मागितलं की दुकानदार सवयीने लाल ब्लॉकवालं देतो, कारण कारखान्यात तेच लागतं. तुम्हाला जुळणारा हवा. दुकानातच मीटर लावून बघून घ्या.

दोन्ही स्विच किल वायर आणि बॉडीच्या मध्ये समांतर जोडा, म्हणजे कुठलाही एक दाबला तरी इंजिन बंद होईल. स्विचची परतीची वायर चेसिसला सोडून देऊ नका, थेट इंजिनाच्या ब्लॉकवरच्या बोल्टपर्यंत न्या. इंजिनाच्या बैठकीखाली रबर किंवा रंग असेल तर चेसिसवरून अर्थ मिळेलच याची खात्री नसते, आणि ऐन वेळी बटण दाबून इंजिन बंद झालं नाही तर काय होईल ते मी लिहायला नको.

घरच्या वायरिंगची एकजीव तार असेल तर ती आजच काढा. हादऱ्याने ती जोडापाशी तुटते. बारीक बारीक तारांची, गाड्यांच्या वायरिंगची लवचिक वायर घ्या. टोकाला थिंबल (धातूचं टोपण) चांगल्या पकडीने दाबून लावा. नुसतं डाग देऊन (सोल्डर करून) ठेवलं तर डाग संपतो तिथेच वायर कडक होऊन मोडते. चेसिसच्या पाईपवर दर वीतभर अंतरावर टाय मारा, स्टिअरिंगपाशी मात्र थोडी ढिली सोडा, कारण ती फिरते. इंजिनापाशी वायरला स्लीव्ह घाला.

ऑईल अलर्ट सुटा ठेवायला माझी ना नाही, कार्टवर तो त्रासच देतो. पण मग ती जबाबदारी तुमची. प्रत्येक वेळी मैदानात उतरण्याआधी, सपाट जागेवर, इंजिन बंद असताना तेल बघायचं आणि कमी असेल तर भरायचं. हे काम एका ठरावीक पोराकडे द्या, सगळ्यांचं काम म्हटलं की कोणीच करत नाही. सुट्या वायरीचं टोक टेपवर सोडू नका, टेप उन्हाने सुटते. टोकाला हीट श्रिंक चढवून बाजूला बांधा, नाहीतर तीच चेसिसला चाटेल आणि तुम्ही पुन्हा इथे याल. नियमांत ऑईल अलर्ट सोडायला परवानगी आहे का, ते मात्र आयोजकांना विचारून घ्या.

आणि फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं झाकण कोणी शोभेसाठी काढायला सांगितलं तर काढू नका. फ्लायव्हीलच्या पंखांची हवा त्या झाकणामुळेच हेडवर आणि कॉईलवर जाते. दोरीच्या जाळीत सुकलेला पाला, कापसाचे तंतू अडकले की हवा कमी होते. जळगावच्या मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, त्यात ही हवा गेली तर उद्या कॉईलही तापून खरोखर जाईल.

केळीपट्टा कार्टिंग (फैजपूर)

काका, सगळं वहीत उतरवलं. आज ब्रॅकेट वेल्ड करतोय. उष्णतेची स्लीव्ह कुठे मिळेल? आमच्याकडे नुसती प्लॅस्टिकची आहे.

चोपड्याचे मॅग्नेटवाले काका

प्लॅस्टिकची लावू नका, वितळून वायरला चिकटेल. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काचतंतूची स्लीव्ह मिळते, पाणबुडीच्या मोटारी भरणाऱ्या कुठल्याही माणसाकडे असते. फैजपुरात, सावद्यात सहज मिळेल. वायरपेक्षा एक नंबर मोठी घ्या, म्हणजे थिंबलवरून चढेल. बसवून झालं की सायलेन्सर चांगला तापेपर्यंत कार्ट चालवा, उभी करा, आणि मीटरवर दोन्ही स्विच पुन्हा बघा. बटण न दाबता बीप यायला नको, आणि दाबल्यावर दोन्हींकडून यायलाच हवा. मग इंजिन चालू करून एकेक बटण दाबून बंद करून बघा. तेवढं झालं की इथे लिहा.